तात्यांचं मत

“इथं सही करा. पण आधी वाचा. वाचता येतं ना, बाई?”

मतदान केंद्राचे अध्यक्ष कुठल्याशा हायस्कुलातले मास्तर होते. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा त्यांचा आवाज. मी म्हटलं, “बारावी झालीय सर माझी.” मागं रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

कागदावर लिहिलं होतं की, मी या अंध मतदाराची सोबती म्हणून आत जाईन, ते सांगतील तेच बटण दाबीन आणि त्यांनी कुणाला मत दिलं ते कुणालाही सांगणार नाही. मी सही ठोकली. खांद्यावर तात्यांचा हात होता. तात्या म्हणजे आमचे वडील. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. सकाळीच न्हाव्याला घरी बोलावून त्यांनी दाढी करून घेतली होती, धुवट टोपी घातली होती आणि वऱ्हाडी निघावा तसे ते माझ्याबरोबर शाळेपर्यंत चालत आले होते.

“झालं का गं शालन?”

“झालं. चला.”

मला मनातून हसूच येत होतं. कसलं गुपित न् कसलं काय! माझी थोरली बहीण, इंदूअक्का, त्या वॉर्डातून नगरपालिकेला उभी होती. बाप लेकीला मत देणार हे सांगायला ज्योतिषी कशाला लागतो? पण मास्तरांचं तोंड इतकं गंभीर होतं की, मीही माझं गंभीर केलं.

अक्का उभी कशी राहिली ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमचे दाजी नगरपालिकेत वायरमन होते. खांबावर काम करताना शॉक लागून गेले. त्यांच्या जागी अक्काला शिपायाची नोकरी लागली, पाणीपुरवठा खात्यात. कायमची नोकरी, म्हातारपणी पेन्शन. पदरात एक मुलगी, पल्लवी. आई गेल्यावर आणि डोळे गेल्यावर तात्याही तिच्याकडंच राहायला आले. मी त्याच गावात, पण दुसऱ्या वॉर्डात दिलेली. सणावाराला जायचं, पुरणपोळी खायची आणि तात्यांना दोन गोष्टी सांगून परत यायचं, एवढीच माझी लेकपणाची मजल. करणारी अक्काच.

अक्काच्या कोष्टी गल्लीत पाणी चार-चार दिवसांनी यायचं. पलीकडं मुरगुडे शेठचा बंगला, तिथं बागेलासुद्धा रोज. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन अक्कालाच गाठायच्या. “इंदे, तुझ्याच हापिसातनं पाणी सुटतंय न्हवं? मग आमच्या नळाला काय सुतक आलंय काय?” ती बिचारी शिपाई. ती काय सांगणार? पुढं वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला, तेव्हा त्याच बायका एका दुपारी तिच्या सोप्यात येऊन बसल्या आणि उठेचनात. “तूच उभी ऱ्हा.”

अक्का आधी हसली. मग तिनं चौकशी केली. नगरपालिकेचा पगार घेणाऱ्याला नगरपालिकेत निवडून जाता येत नाही. राजीनामा द्यायला हवा, आणि नुसता देऊन भागत नाही, तो मंजूर व्हायला हवा. तरच उमेदवारी टिकते.

मी धावत गेले तिच्याकडं. म्हटलं, “अक्का, दाजींची नोकरी हाय ती.”

“त्यांचीच हाय. म्हणून तर इतकी वर्सं मान खाली घालून केली.” ती भाकरी थापत होती. थापता थापता बोलली. “शालन, साहेबाच्या दारात स्टुलावर बसून मी बघतीया. आपल्या गल्लीचा अर्ज आला की त्यो खाली जातोय. स्टुलावर बसून मला त्यो वर काढता येत न्हाई गं.”

“आणि हरलीस तर?”

“तर धुणीभांडी करीन. हात हायत न्हवं?”

तात्या चुलीपाशी बसून ऐकत होते. त्यांनी त्यांची ठरलेली गोष्ट काढली. तात्यांनी त्याच नगरपालिकेत पाणी सोडायचं काम केलेलं, व्हॉल्व्हमन म्हणून. एकदा इंजिनियरनं त्यांना आईवरून शिवी दिली. तात्यांनी तिथल्या तिथं राजीनामा लिहून हेडक्लार्कच्या टेबलावर आपटला आणि घरी येऊन पडून राहिले. आठ-पंधरा दिवसांनी आमची आई हेडक्लार्ककडं गेली, म्हणाली, साहेब, त्यांचं डोकं निवलंया. हेडक्लार्कनं टेबलाचा खण उघडला, कागद काढला आणि तिच्यादेखत फाडून टाकला. म्हणाला, उद्यापासून पाठवा. असे कितीजणांचे राजीनामे त्या खणात पडून असायचे म्हणे. रागाचा कागद वर साहेबाकडं धाडायचाच नाही, ही तिथली रीत.

“नगरपालिकेत राजीनामा देत न्हाईत,” तात्या म्हणायचे, “ठेवत्यात.”

अक्का म्हणाली, “तात्या, त्यो काळ गेला.”

“काळ जातोय. खण कुठं जातोय?”

आम्ही दोघी हसलो. ते मात्र हसले नाहीत, हे मला फार उशिरा आठवलं.

अक्काला चिन्ह मिळालं शिलाई मशीन. समोर मुरगुडे शेठची धाकटी सून, तिची कपबशी. आता यात आमची पंचाईत अशी की, माझे मालक मुरगुड्यांच्याच कारखान्यात जॉबर. बंद पडलेले माग चालू करायचे, तुटलेलं जोडायचं, हे त्यांचं काम. आमचं मत त्या वॉर्डात नव्हतं, म्हणून शेठनी सोडून दिलं असतं, पण शेठ सोडणाऱ्यांतले नव्हते. मतदानाच्या आधी त्यांनी सगळ्या कामगारांना मागांच्या मधल्या बोळात उभं केलं आणि म्हणाले, “सुट्टी सरकारनं दिलीया, पगार मी देतोय. बाकी तुमचं तुम्ही बघा.” मग ह्यांच्याकडं वळून म्हणाले, “तुझी मेव्हणी उभी राहिलीया म्हणं. बरं हाय. बायकोला म्हणावं, माहेरी जरा कमी जा.”

ह्यांनी घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं.

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“काय म्हणणार? बारा नंबरचा माग बंद पडला हुता, त्यो चालू केला.” असं म्हणून ते पाणी प्यायले, आणि वर म्हणाले, “तू जा. तुझी बहीण हाय. बघू काय व्हतंय ते.”

माझा नवरा बोलायला कमी, पण माणूस सोन्यासारखा. मी गेले. घरोघर हिंडले, घसा बसेपर्यंत शिलाई मशीन, शिलाई मशीन केलं.

मतदानादिवशी सकाळी प्रश्न आला, तात्यांबरोबर आत कोण जाणार. अक्का उमेदवार, तिनं जाणं बरं दिसत नव्हतं. पल्लवी अठराची झालेली नव्हती. शेजारचा सदा म्हणाला, मी नेतो आजोबांना. तात्यांनी मान हलवली. “शालनच येईल. दुसरं कुणी नको.” जन्मात पहिल्यांदा तात्यांनी अक्काच्या घरात बसून माझं नाव घेतलं होतं. मी जराशी फुगलेच.

तर, सही करून आम्ही आत गेलो. पुठ्ठ्याचा आडोसा, त्यामागं मशीन. मी तात्यांच्या कानाशी लागून म्हटलं, “शिलाई मशीन चार नंबरला हाय. दाबू?”

त्यांनी माझं मनगट धरलं.

“कपबशी कितवी हाय?”

“पयली. का?”

“ती दाब.”

मला वाटलं, म्हातारा चिन्हात घोटाळतोय. “तात्या, कपबशी मुरगुड्यांची. अक्काची शिलाई मशीन.”

“ठावं हाय मला. कपबशी दाब.”

“तात्या, अवो...”

“सही केलीयास न्हवं?” त्यांचा आवाज इतका बारीक होता की, मला ओठांकडं बघावं लागलं. “मी सांगीन त्येच दाबायचं.”

बाहेरून मास्तर ओरडले, “आटपा हो बाई, रांग वाढतीय!”

माझं बोट चौथ्या बटणापाशी होतं. खोटं कशाला बोलू? दाबायचंच होतं मला ते. त्यांना कुठं दिसणार होतं? आवाज एकच येतो, कुठलंही दाबा. त्यांनाही ते कळलं असावं. कारण ते म्हणाले, “तू खोटं करणार न्हाईस, म्हणून तुला आणलंया.”

काय करायचं माणसानं? मत त्यांचं होतं. मी फक्त डोळे आणि बोट उसनं द्यायला आले होते. मी पहिलं बटण दाबलं. मशीन लांबलचक वाजलं. तात्यांनी माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते.

बाहेर शाळेच्या फाटकापासून लांब, उमेदवारांना उभं राहायला परवानगी होती तिथं, अक्का उन्हात उभी होती. पहाटेपासून तिच्या पोटात काही नव्हतं. आम्हाला बघून पुढं आली. “तात्या, जपून, खड्डा हाय. झालं नीट?”

“झालं.”

ती त्यांच्या पाया पडली, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो लवकर काढलाच नाही. लोकांना काय बरं वाटलं ते बघून! एक म्हातारी तर डोळे पुसायला लागली. मी चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून खाली वाकले.

घरी येताना मी तात्यांना धरलं होतं, पण धरावंसं वाटत नव्हतं. गल्लीत शिरताना विचारलं, “का केलंत असं?”

“सांगीन. आत्ता बोलू नगंस. सही केलीयास तू.”

मला त्यांची किळस आली. बापाची किळस येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. वाटलं, मुरगुड्यांनी काहीतरी कबूल केलं असणार, तंबाखूचा डबा किंवा डोळ्यांचं ऑपरेशन. रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, तात्यांचं मतदान नीट झालं का? मी म्हटलं, झालं. सही केली होती ना मी.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. अक्का दोन मतांनी हरली. तिनं फेरमोजणी मागितली, ती झाली, तरी दोनच. दिवसभर गावात एकच बोलणं. एक मत जरी तिकडचं इकडं आलं असतं तर बरोबरी झाली असती, चिठ्ठी टाकली असती आणि चिठ्ठीत देवानं इंदूचंच नाव काढलं असतं. जो येई तो हेच ऐकवी. मी चहाचे कप विसळत होते आणि प्रत्येकाच्या तोंडून ते एक मत ऐकत होते.

अक्का रडली नाही. उलट गल्लीतल्या बायकांचीच समजूत काढत बसली. “दोन मतं म्हंजे काय हार हाय व्हय? पुढल्या टायमाला बघू.” मग आत येऊन तिनं पीठ मळायला घेतलं. परातीत पाणी जास्त पडलं तेवढंच. सोप्यातून तात्यांचा आवाज आला, “दोन?” थोड्या वेळानं परत, “दोनच?” पण खरं सांगते, त्या आवाजात मला दुःख ऐकू आलं नाही. सुटल्यासारखा वाटला तो आवाज. माझं डोकं आणखीच फिरलं.

सोमवारी ऑफिस उघडायच्या वेळेला त्यांनी सदाकडून मला निरोप धाडला. अक्का रेशनला गेली होती. तात्या टोपी घालून तयार बसलेले. “मला नगरपालिकेत घिऊन चल. इंदूला कळू दिऊ नगं.”

मला जायचं नव्हतं. पण आंधळ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, मग तो कसाही असो. तात्या झपाझप चालत होते. नगरपालिकेच्या पायऱ्या ते न चाचपडता चढले, पाय ओळखीचे होते त्यांचे. हेडक्लार्क होते सुतार भाऊसाहेब. मऊ बोलणारे, कपाळावर चष्मा चढवून बसणारे. तात्या नोकरीत होते तेव्हापासूनची ओळख, म्हणून त्यांनी उठून खुर्ची दिली.

तात्या बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्यानंच म्हणाले, “भाऊसाहेब, इंदूचा राजीनामा काढा खणातनं. हरली ती. आता उद्यापासनं यील कामावर.”

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मलाच आत्ता कळत होतं.

“तात्या, कुठल्या खणातनं?”

“तुमच्या. मुरगुड्यांचा माणूस, त्यो बापू, आलता घरी. म्हणाला, राजीनामा अजून खणातच हाय, वर गेलेला न्हाई. हरली तर नोकरी शाबूत. निवडून आली तर मातर ग्येली.” तात्या भराभर बोलत होते, दम लागला तरी थांबत नव्हते. “मी म्हणालो, बराबर हाय. नगरसेवकी पाच वर्साची. फुडं काय? पेन्शन न्हाई, काय न्हाई. पोरगीचं लगीन व्हायचंय. मी काय, आज हाय तर उद्या न्हाई. बापू काय माझ्या भल्याचा न्हवं, ठावं हाय मला. पर खणाची रीत मला म्हाईत हाय न्हवं? माझाच राजीनामा हुता की त्यात.”

भाऊसाहेब पुढं आले. त्यांनी तात्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. “तात्या, अर्जांची तपासणी होते तेव्हा राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र दाखवावं लागतं. त्याशिवाय अर्ज टिकत नाही. इंदूबाईंचा अर्ज टिकला, त्या अर्थी त्यांची नोकरी त्याआधीच संपलेली होती. मुख्याधिकाऱ्यांनी सही केलीय, मी स्वतः पत्र दिलंय त्यांना. हरल्या काय न् जिंकल्या काय, नोकरीचा काही संबंधच उरला नव्हता. नव्यानं घ्यावं तर आता वयात बसत नाहीत.”

“पर खण...”

भाऊसाहेब जरा घुटमळले. मग त्यांनी टेबलाचा खण ओढला, तात्यांचा हात धरला आणि आत ठेवला. तात्यांनी चाचपलं. टाचण्या, शाईचा पॅड, एक जुनं रबर, तंबाखूची पुडी. त्यांची बोटं कोपऱ्याकोपऱ्यात गेली, मागच्या फळीपर्यंत गेली, परत पुढं आली आणि पुन्हा मागं गेली. ऑफिसातले सगळे लिहायचे थांबले होते. मी खिडकीबाहेर बघितलं.

“न्हाई वाटतं,” तात्या म्हणाले.

बाहेर नळाच्या कट्ट्यावर मी त्यांना बसवलं. ते विचारल्यासारखं म्हणाले, “म्हंजे शालन, मी तिचं दोन्ही घालवलं व्हय गं?”

मी त्यांचं डोकं पोटाशी धरलं. आदल्या दिवसापर्यंत ज्याची किळस येत होती, तो माणूस माझ्या पदरात तोंड घालून लहान पोरासारखा हुंदके देत होता. मी बापूला शिव्या दिल्या, मुरगुड्यांना दिल्या, त्या मेल्या खणाला दिल्या. बटण एकदा दाबलं की दाबलं.

“तिला सांगू नका,” मी म्हटलं. “तुम्ही तिच्या भल्याचंच बघितलं.”

“भलं,” एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर तात्यांनी अन्न टाकलं. चहा तेवढा घ्यायचे. अक्कानं दोन-तीन दिवस वाट बघितली, मग मला बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा दुपारचं ऊन सोप्यात आलेलं, तात्या भिंतीला टेकून बसलेले आणि अक्का पुढ्यात ताट घेऊन. आमटीत भाकरी कुस्करून तिनं घास केला होता.

“एक घास घ्या, तात्या. मी हरले म्हणून तुम्ही जेवायचं न्हाई व्हय? ह्ये बघा, मी जेवतीया. मला काय झालं न्हाई. सोमवारपासनं गल्लीतल्या वहिनींच्या खानावळीत पोळ्या लाटायला जायचं ठरलंया. तुम्ही हाय न्हवं माझ्या पाठीशी? मग मला काय कमी हाय?”

तात्यांचा चेहरा वेडावाकडा झाला.

“इंदू, माझं मत तुला न्हाई गेलं.”

घास तिच्या हातात तसाच राहिला. “म्हंजे?”

“कपबशीला गेलं.”

अक्का सावकाश माझ्याकडं वळली. तिचे डोळे बघताना मला दिसत गेलं, तिच्या मनात काय एकाला एक जोडलं जातंय ते. बाप आंधळा. बोट माझं. आणि माझा नवरा कुणाच्या कारखान्यात आहे ते तर साऱ्या गावाला माहीत. तिचं काही चुकलं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच जोडलं असतं.

“शालन?” नुसतं नाव घेतलं तिनं.

“इंदू, ऐक,” तात्या म्हणाले. त्यांचे हात तिला शोधत होते. सांगणार होते ते, पुढचंही सांगणार होते.

मी त्या दोघांकडं बघितलं. दाजी गेले, नोकरी गेली, मतं गेली. आता तिच्याजवळ उरलं होतं काय? पुढ्यातलं हे म्हातारं माणूस, जे तिच्या हातून जेवतं. आणि त्या म्हाताऱ्याला जायला दुसरं घर नव्हतं. उद्यापासून एका घरात ती त्याला वाढणार आणि दोघांच्या मधे ते बटण असणार. मला काय, मला नवरा होता, घर होतं. मी म्हटलं, “हो. मीच दाबलं.”

खोटं नव्हतंच ते. दाबलं मीच होतं.

“ह्यांची नोकरी...” असंही मी म्हटलं. ते मात्र खोटं होतं, आणि त्या सोन्यासारख्या माणसाला मी उगाच त्यात ओढलं. घरी जाऊन सांगितलं तेव्हा ते फक्त म्हणाले, बरं. 

अक्का ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोसलं असतं. “मला फसवलंस त्याचं काय न्हाई गं,” ती म्हणाली. “आंधळ्याला फसवलंस. बापाला. त्यो तुला विश्वासानं घिऊन गेला.” आणि मग, “जा आता.”

मी तात्यांकडं बघितलं. त्यांचं तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला होतं. ओठ हलले. ते आता बोलतील असं मला वाटलं, आणि देवाशपथ सांगते, मला ते बोलायला नको होते आणि मला ते बोलायला हवे होते, दोन्ही सारखंच. नुसतं माझं नाव जरी घेतलं असतं त्यांनी.

अक्का त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. पल्लवीच्या लग्नाची पत्रिका मी सदाच्या घरी वाचली. तात्या पुढं तीन-चार वर्षं जगले. गेले तेव्हा मी गल्लीतल्या बायकांत उभं राहून लांबून दर्शन घेतलं. अक्कानं मला बघितलं आणि तोंड फिरवलं. लेक म्हणून पुढं व्हायचा माझा हक्क तिनं केव्हाच काढून घेतला होता आणि तो परत मागायला माझ्याकडं तोंड नव्हतं. तात्यांवर माझा राग नाही असं मी लोकांना सांगते. आहे. अजून आहे.

त्या दुपारी मी उंबऱ्यापर्यंत आले, चपला पायात घातल्या आणि तरीही थांबले. मग तात्यांचा आवाज आला.

“इंदू,” ते म्हणाले, “घास दे. भूक लागलीया.”

ताट सरकल्याचा आवाज झाला. तात्या जेवायला लागले, घाईघाईनं, कितीतरी दिवसांच्या भुकेल्या माणसासारखे. मी पायरीवर उभी राहून त्यांचं जेवण ऐकत होते.

“सावकाश खावा, तात्या,” अक्का म्हणत होती. “कुणी उठवत न्हाई तुमाला.”